सरकत्या शिडीचा खटका : प्रस्तावना

ज्या शिडीची लांबी कामाच्या गरजेप्रमाणे वाढवता येते आणि वाढवलेल्या लांबीवर पक्की धरून ठेवता येते, तिला सरकती शिडी म्हणतात. बाजारात आणि अग्निशमन दलांत तिचे एक्स्टेन्शन शिडी हे नाव रूढ आहे. तिचे किमान दोन भाग असतात. जमिनीवर उभी राहते ती खालची शिडी, आणि तिच्या उभ्या दांड्यांना धरून वर सरकते ती वरची शिडी. दोन्ही एकमेकींवर मिटवल्या की एकीच्या लांबीत मावतात आणि उलगडल्या की जवळजवळ दुप्पट उंची गाठतात. ही सोय मिळवताना रचनाकाराला एक मोलाची गोष्ट सोडून द्यावी लागते. एकसंध शिडीत पायरीवर पडलेला भार उभ्या दांड्यांतून सरळ जमिनीत उतरतो आणि त्या वाटेत कुठेही खंड नसतो. सरकत्या शिडीत मात्र ही वाट मध्येच तुटलेली असते आणि ती सांधण्याचे काम वरच्या शिडीच्या तळाशी बसवलेले दोन छोटे आकडे करतात. त्या आकड्यांना, त्यांच्या हलत्या भागांसह, येथे खटका म्हटले आहे. वर चढलेल्या माणसाचे बहुतेक सारे वजन, त्याच्या खांद्यावरच्या अवजारांसह, या दोन खटक्यांवरून खाली उतरते.

खटका किती भार सोसतो हा प्रश्न अभियांत्रिकीच्या दृष्टीने अवघड नाही. योग्य धातू, पुरेशी जाडी आणि नीट बसवलेला रिव्हेट एवढ्यावर तो सुटतो, आणि आजच्या चांगल्या शिड्यांत तो सुटलेला आहे. अवघड प्रश्न वेगळाच आहे. खटका बसला आहे की नाही, याविषयी शिडी उभी करणाऱ्याच्या मनात संशयाला किती जागा उरते, हा तो प्रश्न होय. पूर्ण बसलेला खटका आणि पूर्ण सुटलेला खटका या दोन्ही अवस्था तुलनेने निर्धोक असतात, कारण पहिलीत शिडी भार घेते आणि दुसरीत ती उभीच राहत नाही. धोका असतो तो या दोहोंमधल्या अर्धवट अवस्थेत, जिथे शिडी स्वतःचे वजन पेलते पण माणसाचे पेलेलच अशी खात्री नसते. म्हणून कोणत्याही खटक्याची पारख त्याच्या कमाल ताकदीवरून नव्हे, तर ही अर्धवट अवस्था त्याच्या रचनेत किती वेळ टिकू शकते आणि किती सहज नजरेस येते यावरून व्हायला हवी, अशी येथील विवेचनाची धारणा आहे.

लांब होणाऱ्या शिडीच्या विकासाला खरी चालना आगीने दिली. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील शहरे उंच होत गेली, आणि वरच्या मजल्यांवर अडकलेल्या माणसांपर्यंत पोचेल इतकी लांब पण अरुंद गल्ल्यांतून नेता येईल इतकी आटोपशीर शिडी हवी, अशी गरज उभी राहिली. लंडनमध्ये १८३० च्या दशकात अब्राहम वायव्हेल याने चाकांच्या गाड्यावर उभी केलेली सुटका-शिडी तयार केली. तिच्या मुख्य शिडीला जोडलेली दुसरी शिडी दोरांच्या साहाय्याने वर उलगडत असे. वायव्हेल मूळचा व्यक्तिचित्रकार होता, आणि अग्निसुरक्षेच्या इतिहासातले एक महत्त्वाचे साधन चित्रकाराच्या हातून घडावे ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. १८६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अग्निशमन दलातील डॅनियल हेज याने गाडीवर बसवलेल्या लांबत्या शिडीचे पेटंट घेतले. जर्मनीतील उल्म येथे कोनराड डीट्रिख मागिरुस याने १८७२ मध्ये भिंतीचा आधार न घेता उभी राहणारी, दोन चाकांवरची सरकती शिडी तयार केली, आणि त्याच्या कारखान्यातून १८९२ मध्ये २५ मीटर उंचीची, घोड्यांनी ओढायची फिरती शिडी बाहेर पडली. गाड्यावरच्या अशा शिड्यांपाशी गरगडी, दातेरी चाके आणि ती चालवणारी माणसे ठेवता येतात, त्यामुळे शिडी धरून ठेवण्याचे यंत्र हवे तितके मोठे करता येते. दोघा-तिघांनी खांद्यावरून न्यायच्या शिडीला ही मुभा नसते. तिचा खटका तळहाताएवढा असावा लागतो आणि जिथे तो बसतो तिथे त्याला हात लावायला कोणीही नसते.

खटक्याकडे वळण्यापूर्वी शिडी मुळात उभी कशी राहते हे पाहणे आवश्यक आहे, कारण लांबी बदलणाऱ्या शिडीत हा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो. टेकवलेल्या शिडीचा पायथा भिंतीपासून बाहेर सरकू पाहतो आणि त्याला अडवते ते जमिनीचे घर्षण. भिंत गुळगुळीत मानली, शिडीचे स्वतःचे वजन सोडून दिले आणि ८० किलो वजनाचा माणूस अगदी माथ्याशी उभा आहे असे धरले, तर शिडीने जमिनीशी ६० अंशांचा कोन केला असताना पायथ्याला बाहेर ढकलणारा जोर सुमारे ४६ किलोभाराइतका येतो, कोन ७५.५ अंश केला की तोच जोर सुमारे २१ किलोभारावर उतरतो. माणूस जसजसा वर जातो तसतसा हा जोर वाढतो, म्हणून खालच्या पायऱ्यांवर भक्कम वाटलेली शिडी वर गेल्यावर घसरते, आणि असे अपघात चढणाऱ्याला अनपेक्षित वाटतात. उलट शिडी फारच उभी केली तर माणसाचा गुरुत्वमध्य पायथ्याच्या मागे जाऊन ती पाठीकडे कलंडू शकते. या दोन धोक्यांमधला मार्ग म्हणून शिडीच्या वापरातील लांबीच्या एक चतुर्थांश इतक्या अंतरावर पायथा ठेवावा, असा नियम जगभर शिकवला जातो, आणि ७५.५ अंश हा कोन त्यातूनच येतो. सरकत्या शिडीच्या दोन पायऱ्यांमधले अंतर बहुधा ३० सेंटीमीटरच्या आसपास असते. तेव्हा शिडी एका पायरीने वाढवली की पायथाही साडेसात सेंटीमीटर मागे घ्यायला हवा. लांबी वाढवणारे हात पायथ्याकडे वळत नाहीत, ही सरकत्या शिडीच्या वापरातील फार जुनी उणीव आहे.

दोन शिड्या जिथे एकमेकींवर येतात त्या भागाला जोडलांबी म्हणता येईल, आणि तिचे महत्त्व खटक्याच्या खालोखाल आहे. शिडी तिरपी असल्याने माणसाचे वजन तिला नुसते दाबत नाही, वाकवतेही. हे वाकवणारे बल वरच्या शिडीतून खालच्या शिडीत जाते ते जोडलांबीच्या दोन टोकांशी विरुद्ध दिशांनी लागणाऱ्या रेट्यांच्या रूपाने. जोडलांबी अर्धी केली की तेच वाकवणे पेलण्यासाठी हे रेटे दुप्पट व्हावे लागतात, आणि उभ्या दांड्यांना धरणाऱ्या पट्ट्या फाकण्याचा किंवा दांडे चेपण्याचा प्रसंग तिथे येतो. म्हणून ३२ फुटांपर्यंतच्या शिड्यांत निदान ३ फूट जोडलांबी राहिलीच पाहिजे असे अमेरिकेतील मानके सांगतात, आणि त्याहून लांब शिड्यांत हा आकडा वाढत जातो. याचा एक परिणाम ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. ३२ फुटी म्हणून विकली जाणारी शिडी १६ फुटांच्या दोन शिड्यांची असते आणि पूर्ण उलगडल्यावर २९ फुटांच्या पुढे जात नाही. यापुढे वरची शिडी सरकू नये म्हणून दांड्यांवर थांबे बसवलेले असतात, आणि ते काढून टाकून आणखी दोन फूट मिळवणे म्हणजे शिडी मोडण्याची तयारी करणे होय.

या आकड्यांतून खटक्याविषयीही एक महत्त्वाची गोष्ट निघते. पूर्ण उलगडलेल्या ३२ फुटी शिडीत वरच्या शिडीचा तळ खालच्या पायथ्यापासून सुमारे १३ फुटांवर असतो, आणि खटके त्याच्याच आसपास असतात. दोर हातात धरून खाली उभ्या असलेल्या माणसाला इतक्या अंतरावरून, मान वर करून, बहुधा आभाळाच्या उजेडाविरुद्ध, दोन आकडे पायरीवर नीट बसले आहेत की नाहीत हे ठरवायचे असते. खटक्याच्या रचनेचा विचार या दृश्यापासून सुरू झाला पाहिजे.

सर्वांत प्रचलित खटका असा असतो. वरच्या शिडीच्या तळाशी, दोन्ही उभ्या दांड्यांना, खाली तोंड असलेला एकेक आकडा पक्का बसवलेला असतो आणि त्याच्या तोंडाशी एका पिनेवर फिरणारी धातूची जिभली असते. दोर ओढून वरची शिडी वर नेताना खालच्या शिडीची प्रत्येक पायरी या जिभलीला बाजूला सारते आणि पायरी ओलांडल्यावर जिभली आपल्या जागी परत येते. आकडा हव्या त्या पायरीच्या जरासा वर पोचला की दोर हळूहळू सैल सोडायचा. आकड्याचे उघडे तोंड पायरीवर बसते आणि भार घेते. शिडी उतरवायची असेल तेव्हा ती आधी आणखी थोडी वर उचलावी लागते, इतकी की जिभलीचे टोकही पायरीच्या वर यावे. मग खाली सोडताना तीच पायरी जिभलीला दाबून आकड्याचे तोंड झाकते आणि आकडा पायऱ्यांवरून न अडकता घसरत खाली येतो. तपशील निर्मात्यागणिक बदलतात, पण तत्त्व हेच राहते. एकाच दोराने, एकाच दिशेच्या हालचालीने, खालून हात न लावता शिडी अडकवताही येते आणि सोडवताही येते. थोडी उचलून सोडली तर ती अडकते आणि जराशी जास्त उचलून सोडली तर सुटते. इतक्या साध्या भागांतून इतके काम करून घेणारी रचना यंत्रशास्त्रात फारशी सापडत नाही, आणि तिचे कौतुक करताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

याच कौशल्यात तिचे दौर्बल्यही आहे. अडकणे आणि सुटणे यांत फरक आहे तो उचलण्यातल्या काही सेंटीमीटरचा, आणि तो फरक दोर धरणाऱ्या हाताला सवयीनेच कळतो. आकडा पायरीवर पूर्ण न बसता त्याची कड तेवढी टेकली, किंवा जिभली मध्येच अडकून पायरीवर उभी राहिली, तर दाराची कडी कोयंड्यात न उतरता त्याच्या काठावर टेकावी तशी शिडीची अवस्था होते: दार लागलेले दिसते, लागलेले मात्र नसते. दुसरी शक्यता एका बाजूचा आकडा बसण्याची आणि दुसऱ्या बाजूचा न बसण्याची. तेव्हा दोघांचा भार एकावर येतो एवढेच नव्हे, तर वरची शिडी खालच्या शिडीत पिळली जाते आणि पायरी व दांडा यांचा सांधा सैल होऊ लागतो. पहिल्या अवस्थेतून खटका निसटला आणि वरची शिडी एका पायरीइतकी खाली येऊन पुढच्या पायरीवर अडकली असे मानू. ३० सेंटीमीटरच्या या पडण्यात वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर होतो, आणि ही गती एका सेंटीमीटरच्या आत थांबली तर त्या क्षणी खटक्यावर येणारा सरासरी भार स्थिर वजनाच्या सुमारे तीस पट असतो. स्थिर भाराखाली उत्तीर्ण झालेला खटका अशा धक्क्यात टिकेल असे गृहीत धरता येत नाही, आणि तो टिकला तरी पायऱ्यांना धरलेली बोटे दोन शिड्यांच्या पायऱ्यांमध्ये सापडतात.

जिभलीला परत आणण्याचे दोन मार्ग आहेत. एकात स्प्रिंग ते काम करते, दुसऱ्यात जिभलीचे स्वतःचे वजन. स्प्रिंग जलद आणि निश्चित असते, पण ती गंजते, थकते आणि मोडली तरी बाहेरून दिसत नाही; वजनावर चालणाऱ्या खटक्यात थकण्यासारखे काही नसते, मात्र शिडी जमिनीवर आडवी असताना गुरुत्वाकर्षणाची दिशाच बदलते आणि जिभली आपल्या जागी येईलच असा भरवसा राहत नाही. शिडी जमिनीवर आडवी असतानाच लांब करून मग उभी करण्याची पद्धत या खटक्यांच्या बाबतीत म्हणूनच अधिक धोक्याची ठरते. दोन्ही प्रकारांचा समान शत्रू म्हणजे पिनेत साचणारी घाण. रंगकाम आणि गिलाव्याच्या कामावरच्या शिड्यांत रंगाचे थेंब व सिमेंटची पूड पिनेभोवती घट्ट होतात, आणि खटका अडकला की त्यावर हातोडी मारली जाते, पण तो धुतला जात नाही. काही रचनांत पिनेभोवती मोकळी जागा ठेवून आणि जिभली ठळक रंगात रंगवून या दोन्ही गोष्टींवर उपाय केलेला आढळतो. आकारमानाने क्षुल्लक वाटणारा हा रंग, मागील परिच्छेदांत मांडलेल्या कसोटीवर, आकड्याची जाडी वाढवण्यापेक्षा मोठी सुधारणा आहे.

पायरीवर अडकणाऱ्या खटक्यामुळे शिडीची लांबी फूटभराच्या टप्प्यांनीच बदलता येते, मधली लांबी मिळत नाही. मळसूत्राने आवळलेल्या घर्षणाच्या पकडीने कोणतीही लांबी मिळू शकते, पण तिची ताकद आवळणाऱ्याच्या हातावर आणि पृष्ठभाग कोरडा आहे की ओला यावर अवलंबून राहते. टप्प्यांनी बदलणारी लांबी ही खात्रीसाठी मोजलेली किंमत आहे आणि ती मोजण्याजोगी आहे. दोराविषयी थोडक्यात एवढेच सांगणे पुरेसे आहे की खालच्या शिडीच्या माथ्याशी असलेली एकच स्थिर कप्पी बळ वाचवत नाही, फक्त ओढण्याची दिशा बदलते. तीन भागांच्या शिडीत दुसरा दोर तिसऱ्या भागाला मधल्या भागाच्या दुप्पट वेगाने वर नेतो. आणि काम संपेपर्यंत दोराचे मोकळे टोक पायरीला बांधून ठेवणे हा खटक्यामागचा दुसरा आधार असतो.

द्रव्यांचा विचार या विषयात स्वतंत्र ग्रंथाला पुरेल इतका आहे. अॅल्युमिनिअमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही जवळपास तितक्याच प्रमाणात कमी. म्हणून अॅल्युमिनिअमचे दांडे मोठ्या, पोकळ छेदाचे करावे लागतात. ते वीज वाहते, आणि विद्युत तारांखालच्या कामांसाठी काचतंतूंचे दांडे वापरले जातात ते याच कारणाने. आगीत तापलेल्या अॅल्युमिनिअमची ताकद थंड झाल्यावरही पूर्ण परत येत नाही, त्यामुळे अमेरिकेतील अग्निशमन शिड्यांवर सुमारे १४९ अंश सेल्सिअसला रंग बदलणाऱ्या पट्ट्या लावलेल्या असतात.

महाराष्ट्रातील बांधकामांवर आणि रंगकामावर अद्याप बांबूच्या शिडीचा वावर आहे, आणि उंची कमी पडली की दोन शिड्या एकमेकींवर ठेवून सुंभाने किंवा दोरीने आवळून बांधल्या जातात. हाही सरकत्या शिडीचाच एक प्रकार आहे, आणि त्याला केवळ अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. त्याची जोडलांबी बहुधा भरपूर असते, कारण बांधण्याला जागा लागते. आणि गाठ बसली आहे की नाही हे बांधणाऱ्याने स्वतःच्या हाताने पाहिलेले असते. संशयाला जागा न ठेवण्याचा जो गुण कारखान्यातल्या खटक्यात यत्नाने आणावा लागतो, तो येथे आपोआप येतो. त्याची उणीव अशी की गाठ ही घर्षणाची पकड आहे: सुंभ पावसाने फुगतो, उन्हाने सैल होतो, बांबू वाळला की त्याचा घेर घटतो, आणि सकाळी पक्की असलेली गाठ दुपारी तशीच असेल याची हमी नसते. शिवाय बांबू तंतूंच्या दिशेने सहज चिरतो, आणि पायऱ्यांसाठी पाडलेली भोके ही चीर सुरू होण्याची ठिकाणे असतात.

अग्निशमन दलांत परिस्थिती निराळी आहे. भारतातील अग्निशमन गाड्यांवर सुमारे १०.५ मीटरची अॅल्युमिनिअमची सरकती शिडी असते, भारतीय मानक ब्यूरोने अशा शिड्यांसाठी आयएस ४५७१ हे मानक दिले आहे, आणि १९५७ पासून नागपुरात असलेल्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयासारख्या संस्थांमुळे शिडीची कवायत हा शिक्षणाचा भाग आहे. कवायतीत दोर ओढणाऱ्याचे, पायथा धरणाऱ्याचे आणि खटके पाहणाऱ्याचे काम ठरलेले असते. म्हणजे खटक्याची अर्धवट अवस्था ओळखण्याची जबाबदारी यंत्राऐवजी माणसांच्या शिस्तीवर सोपवलेली असते. बांधकामावर ही शिस्त नसते. आयएस ३६९६ चा दुसरा भाग शिड्यांच्या सुरक्षेविषयी आहे आणि बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतही शिड्यांचा स्वतंत्र विचार आहे, परंतु एकट्याने शिडी उभी करणारा रंगारी किंवा केबल टाकणारा कामगार या नियमांच्या परिघात क्वचितच येतो. खटक्याच्या रचनेतील प्रत्येक सुधारणा मुख्यतः याच माणसासाठी आहे, कारण त्याच्याजवळ खटके पाहणारा दुसरा कोणी नसतो.

गेल्या काही दशकांत घराघरांत पोचलेली दुर्बिणीसारखी मिटणारी शिडी या प्रश्नाला नवे वळण देते. तिच्यात दोनच खटके नसतात. प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांशी एकेक पिन असते, आणि दहा पायऱ्यांच्या शिडीत अर्धवट बसण्याच्या सुमारे वीस जागा तयार होतात. त्याचबरोबर अनेक रचनांत प्रत्येक पिनेची स्थिती दाखवणारी खूण डोळ्यासमोर, चढणाऱ्याच्या हाताजवळ असते, आणि जुन्या सरकत्या शिडीला हे कधी जमले नव्हते. युरोपात ईएन १३१ या मानकमालेचा सहावा भाग अशा शिड्यांसाठी आहे, आणि त्याच मालेत २०१८ पासून तीन मीटर किंवा त्याहून लांब टेकत्या शिड्यांना रुंद पायथा आवश्यक ठरला आहे. पुढील विवेचन हाती वाहून नेण्याच्या शिड्यांपुरते, आणि त्यातही त्यांच्या सांध्यांपुरते मर्यादित आहे. गाड्यांवरच्या फिरत्या शिड्या व हायड्रॉलिक मंच त्यात घेतलेले नाहीत; बिजागरीच्या घडीच्या शिड्यांचा विचार त्यांच्या कुलपापुरता केला आहे, कारण तेथेही पूर्ण बसलेली आणि अर्धवट बसलेली पिन बाहेरून सारखीच दिसते.